सासूबाईंचा पहिला नकार

माझ्या सासूबाईंचं इंग्रजी एका मंगळवारी सकाळी फ्रिज आणि शेगडी यांच्या मधल्या जागेत कुठेतरी गेलं. फ्रिजमधून दूध काढताना त्या हवापाण्याबद्दल इंग्रजीत कुरकुरत होत्या, आणि शेगडीपाशी पोचेपर्यंत खाली बसल्या होत्या.

मेंदूला छोटासा झटका आला, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच्या मेंदूबद्दल बोलताना डॉक्टरांना ‘छोटासा’ हा शब्द फार सोयीचा पडतो. तीन आठवड्यांनी त्या दवाखान्यातून थेट आमच्या घरी आल्या. हात चालत होते, पाय चालत होते, नजर तर पूर्वीपेक्षा तिखट झाली होती. साठ वर्षं वापरलेलं इंग्रजी तेवढं धुऊन निघालं होतं आणि खाली उरली होती ती लहानपणची, कोनेमाराच्या किनाऱ्यावरची आयरिश.

आता तुम्ही म्हणाल, अहो, आयर्लंडात जन्मलात, पन्नाशी ओलांडलीत, आणि आयरिश येत नाही? येते ना! चौदा वर्षं शाळेत शिकलोय. ‘बाई, मी बाहेर जाऊन येऊ का?’ हे मी झोपेतही बिनचूक विचारू शकतो. शिवाय ‘समुद्रकिनाऱ्यावरची आमची सहल’ हा निबंध मला आजही तोंडपाठ आहे. त्या निबंधात दगड तडकतील इतकं ऊन पडतं, जे आमच्या मलिंगार गावात मी अजून पाहिलेलं नाही. पण सहलीच्या निबंधावर माणसाला जेवू घालता येत नाही, हा शोध मला पहिल्याच दुपारी लागला.

माझी बायको नोरीन त्यांची सख्खी मुलगी, पण तिचीही तीच गत. सासूबाईंनी घरात कधी आयरिशचा एक शब्द उच्चारला नव्हता. ‘त्या भाषेनं कुणाचं पोट भरलंय?’ म्हणायच्या. त्यामुळे आता आई पानावर बसून लांबलचक काहीतरी सांगतेय आणि लेक समोर नुसती डोळे पुसतेय, असा आमच्या घरात रोजचा देखावा होता.

पहिल्या भेटीला सरकारी नर्स आल्या, अट्रॅक्टाबाई. त्यांनी सासूबाईंना काट्यावर उभं केलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“एकोणपन्नास किलो. पंचेचाळीसच्या खाली गेल्या, तर मला नाइलाजानं त्यांना शुश्रूषागृहात हलवा म्हणून लिहावं लागेल. सहा आठवड्यांनी येते मी परत.”

“तिला तिकडे नाही पाठवायचं हो,” नोरीन म्हणाली. “मी शब्द दिलाय तिला.”

“मग खायला घाला,” म्हणून बाईंनी आमच्या हातात एक माहितीपुस्तिका ठेवली आणि गेल्या.

त्याच क्षणी मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, पण मोठे निर्णय मला बसून घेता येत नाहीत. “नोरीन,” मी म्हणालो, “मी आयरिश शिकणार. सगळी नाही. ताटापुरती.”

“तू?” नोरीनने नाक पुसलं. “गेल्या वर्षी तू गिटार शिकणार होतास.”

“गिटारची गोष्ट वेगळी.”

“त्याच्या आधी मधमाश्या पाळणार होतास.”

मधमाश्यांचा विषय आमच्या घरात निघाला की मी सहसा परसात जातो. तसा गेलो. पण निश्चय झाला तो झाला. मी काउंटी कौन्सिलच्या रस्ते खात्यात अठ्ठावीस वर्षं खड्ड्यांच्या तक्रारी नोंदवतोय. चिकाटी मला कुणी शिकवू नये.

पहिलं काम म्हणून मी रीतसर सरकारी मदत मागितली. आयरिश बोलणारी मदतनीस मिळण्याचा नागरिकाला हक्क आहे, असं पुस्तिकेत छापलं होतं. फोन लावला. ‘आयरिशसाठी एक दाबा.’ मी अभिमानाने एक दाबला. पाऊण तास बासरी ऐकली. मग एका बाईंचा घाबरलेला आवाज आला, “कोण? एक दाबलात तुम्ही? अहो, चुकून दाबलात का?”

“मुद्दाम दाबला.”

“अगंबाई,” त्या म्हणाल्या आणि कुणाला तरी विचारायला गेल्या. शेवटी अकरा पानांचा एक अर्ज आला, सगळा आयरिशमध्ये. मी नावपत्त्याच्या वाटणाऱ्या जागी नाव, पत्ता लिहिला, बाकी ठिकाणी ठसठशीत सह्या केल्या आणि पाठवून दिला. उलट टपाली उत्तर आलं, तेही आयरिशमध्ये. ते अजून भिंतीवर टाचणीला आहे. त्यात मंजुरी होती की दटावणी, ते मला कळलं नव्हतं.

शेजारच्या मिसेस डेम्प्सी कुंपणावरून म्हणाल्या, “फिन्टन, बाळा, रेडिओ लाव. आयरिश रेडिओ. दिवसभर कानावर पडू दे बिचारीच्या. भूक आपोआप लागेल.” लावला. सासूबाईंचा चेहरा खुलला, हे कबूल. पण नेमकी आमच्या जेवणाच्या वेळेला त्या रेडिओवर निधनवार्ता सांगतात. एकेका नावाला सासूबाई काटाचमचा खाली ठेवून छातीवर क्रूस काढायच्या आणि डोळे मिटून पुटपुटायच्या. पश्चिम किनाऱ्यावर त्या आठवड्यात माणसं फारच गेली. सूप रोज गार व्हायचं. तिसऱ्या दिवशी मी रेडिओ माळ्यावर टाकला.

उरले मास्तर हेनॅगन. वय त्र्याऐंशी. मला सातवीत आयरिश त्यांनीच शिकवली होती, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. दार उघडून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“गेराटी. चाळीस वर्षं लावलीस गृहपाठ आणायला?”

“मास्तर, मला जेवणाचे शब्द हवेत. सासूबाईंसाठी.”

“हं. बस खाली. तिकडे नको, पुढच्या बाकावर.” बाक म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यातला सोफा होता, पण मी मुकाट्याने बसलो.

मास्तरांची पद्धत जुनी होती. रोज वीस शब्द, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. अरान म्हणजे पाव, ईम म्हणजे लोणी, बान्य म्हणजे दूध, उव म्हणजे अंडं. चूक झाली की मास्तर फूटपट्टी टेबलावर आपटत आणि मी, पेन्शनीला आलेला माणूस, हात पाठीमागे घ्यायचो. घरी येऊन मी सगळ्या स्वयंपाकघरभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? मी फळीवरच्या बरण्याही आयरिश वर्णानुक्रमे लावल्या. त्यात मिठाची बरणी साखरेच्या जागी आली. नोरीनचा हात मात्र वीस वर्षांच्या सवयीचा, तो चिठ्ठ्या वाचत नाही. तिने शाळेतल्या शिक्षकांसाठी सफरचंदाचा टार्ट केला आणि तिच्या मुख्याध्यापकबाईंनी पहिला घास आदराने गिळला. दुसऱ्याला त्या रडल्या. नोरीन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शिक्षणाच्या मार्गात असले प्रसंग यायचेच, असं मी मनाशी म्हटलं.

आणि मग तो दिवस उजाडला. मी ट्रेमध्ये चहा, पाव, लोणी आणि उकडलेलं अंडं मांडलं, टाय लावला (टाय का लावला, विचारू नका) आणि सासूबाईंपुढे उभं राहून शुद्ध आयरिशमध्ये विचारलं, “आपण चहा घ्याल का?”

सासूबाईंनी दचकून वर पाहिलं. त्या घरात इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी त्यांच्याशी माणसासारखं बोललं होतं. त्या सावरून बसल्या, पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली, आणि गोड हसून म्हणाल्या, “नी वेय.”

नी वेय! म्हणजे नको! मला कळलं! चौदा वर्षं शाळा, दहा दिवस मास्तर, आणि आज पहिल्यांदा एका जिवंत माणसाने आयरिशमध्ये काहीतरी म्हटलं आणि ते मला जसंच्या तसं कळलं! माझ्या अंगावर काटा आला. मी झुकून आभार मानले आणि ट्रे उचलून स्वयंपाकघरात परत आणला.

“काय झालं?” नोरीनने विचारलं.

“नको म्हणाल्या!” मी आनंदाने सांगितलं.

“मग परत का आणलंस?”

मी तिला पुस्तिकेचं चौथं पान दाखवलं. ‘रुग्णाच्या इच्छेचा मान राखा. बळजबरी करू नका.’ ठळक अक्षरात होतं. तेव्हापासून मी घरात नियमच केला, जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बंद. नोरीन आधी आईपुढे नुसतं ताट ठेवायची, इंग्रजीत काहीबाही लाडीगोडी करायची, तो रानटी प्रकार मी थांबवला. आता प्रत्येक पदार्थ रीतसर विचारला जाणार, उत्तराचा मान राखला जाणार, आणि वहीत नोंद होणार.

सासूबाई प्रत्येकाला नको म्हणू लागल्या. मी म्हटलं, पदार्थ आवडत नसतील. मास्तरांकडून आणखी शब्द आणले. कोबी, गाजर, मासा, ओटची पेज, सफरचंदाचा मुरंबा. एका रविवारी मी ओळीने अकरा पदार्थ विचारले. अकरा वेळा त्या हसून, मान तिरकी करून, नको म्हणाल्या. अकराच्या अकरा मला कळले. त्या रविवारी मास्तरांनी मला ‘ठीक’ असा शेरा दिला, जो त्यांनी सातवीत कधी दिला नव्हता.

जसजशी माझी आयरिश सुधारत गेली, तसतशा सासूबाई वाळत गेल्या. न्हाणीघरातला काटा अठ्ठेचाळीस दाखवायचा तो सत्तेचाळीसवर आला, मग शेहेचाळीसवर. पाचव्या आठवड्यात, अट्रॅक्टाबाई यायला अकरा दिवस उरले असताना, काटा पंचेचाळीस आणि वर दोन रेघांवर थांबला. नोरीनने काट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“फिन्टन, तू शिकायच्या आधी ती निदान अर्धं ताट खायची.”

“म्हणजे काय म्हणायचंय तुला?”

“तुझी आयरिश माझ्या आईला उपाशी मारतेय, असं म्हणायचंय!” ती ओरडली. पहिल्यांदाच ओरडली. मग ओंजळीत तोंड लपवून पायरीवर बसली. “पुढच्या आठवड्यात नेतील रे तिला. तिथे तर तिच्याशी ‘नको’ एवढंही कुणी बोलणार नाही.”

मला फार लागलं. खोटं कशाला बोलू, आधी लागलं ते माझ्या अभिमानाला. सासूबाईंची काळजी जरा नंतर पोचली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तसाच तणतणत मिसेस डेम्प्सींकडे गेलो.

“बस, बाळा. चहा टाकते.”

“नको, नको. आत्ताच घेऊन आलोय,” मी म्हणालो. पोटात कावळे ओरडत होते.

“अर्धा कप?”

“खरंच नको. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला मेला! किटली तापलेलीच आहे.”

“बरं, आता किटली तापलीच आहे म्हणता तर… पण खायला काही नको हां.” त्यांनी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, पुढे केला, मी हात आडवा केला, त्यांनी माझा हात बाजूला सारून बशीत ठेवला, मी हां हां केलं आणि खाल्ला. दुसराही असाच नको नको म्हणत खाल्ला. तिसऱ्याला लोणी लावता लावता माझा हात थांबला.

“काय रे, कडू लागलं का?” मिसेस डेम्प्सींनी विचारलं.

“मिसेस डेम्प्सी,” मी म्हणालो, “मी पहिल्यांदा नको म्हटल्यावर तुम्ही किटली परत फळीवर ठेवली असती, तर?”

“अरे देवा! मी काय अशी वाटले तुला? माझ्या दारात पाऊल टाकलं असतंस का परत?”

मी स्कोन तसाच हातात घेऊन धावत सुटलो. पन्नास वर्षांत या देशात मी स्वतः पहिल्या खेपेला कधी कुठे हो म्हटलं नव्हतं. लग्नाआधी नोरीनच्या घरी गेलो, तेव्हा याच सासूबाईंपुढे तीनदा नको म्हणून चौथ्यांदा दोन ताटं हाणली होती. पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्याने ऐकायचं नाही, हे आमच्याकडे रांगणारं पोरही जाणतं. इंग्रजीत मला कुणी नको म्हणालं असतं तर मी क्षणभर विश्वास ठेवला नसता. आयरिशमध्ये म्हटलं, तर मी मास्तरांचा विद्यार्थी झालो, शब्द ओळखला आणि त्याच्या आनंदात ताट उचललं! सासूबाईंना वाटत होतं आपण कुणा परक्या, अदबशीर माणसाच्या घरी आहोत. त्या बिचाऱ्या रीतीप्रमाणे नाही म्हणत होत्या आणि दुसऱ्यांदा कुणी विचारतंय का, याची पहिल्या ट्रेपासून वाट पाहत होत्या.

घरी येऊन मी बटाटे उकडले, लोणी घातलं, पाव कापला. टाय लावला नाही. ट्रे समोर ठेवून विचारलं. “नी वेय,” सासूबाई हसून म्हणाल्या.

इथे एक अडचण होती. मास्तरांनी मला शब्द शिकवले होते, आग्रह शिकवला नव्हता. ‘घ्या हो,’ ‘माझी शपथ,’ ‘एवढं तरी,’ यातलं एकही वाक्य माझ्याजवळ नव्हतं. मग मी हातातल्या शब्दांवरच आग्रह करू लागलो. “ईम!” मी कळवळून म्हणालो. त्यांनी मान हलवली. “अरान!” मी छातीवर हात ठेवला. त्यांनी पुन्हा मान हलवली, पण नजर बटाट्यावर गेली. “अरान आणि ईम!” मी गुडघ्यावर बसलो. नोरीन दारात उभी होती, तिला वाटलं नवऱ्यालाही झटका आला.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. आता यांचं मन कुठे मोडायचं, असा चेहरा केला. अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, एवढुसाच. आणि मग पाच बटाटे, तीन तुकडे पाव आणि दोन कप चहा घेतला. नोरीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती हलली नाही.

जेवून झाल्यावर त्या माझ्याकडे वळून बरंच काही बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, म्हणून फोनवर टिपून घेतलं आणि मास्तरांना ऐकवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. दोनदा ऐकलं. मग फूटपट्टी बाजूला ठेवली.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, तुमचं घर मोठ्या मनाचं आहे. याआधी ज्या घरी होते, तिथला माणूस वागायला सभ्य होता हो, पण इतका चिक्कू, की आपलं नको पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत ताट उचलून न्यायचा.” मास्तर थांबले. “टाय लावायचा म्हणे.”

मास्तरांनी त्या दिवसापासून मला नवा अभ्यास लावला, आग्रहाचा. पहिल्या नकोला काय म्हणायचं, दुसऱ्याला काय, तिसऱ्याला देवाचं नाव कसं घ्यायचं. मी आठवडाभर तेवढंच घोकलं आणि सासूबाई रोज तीन नकारांनंतर जेवत गेल्या.

अट्रॅक्टाबाई आल्या. काट्यावर शेहेचाळीस भरले. नोरीनने सुटकेचा श्वास टाकला, तोवर बाईंनी पिशवीतून आणखी एक कागद काढला.

“वजन ठीक आहे. पण हा रकाना आहे. ‘आपण कुठे आहोत, हे रुग्णाला कळते काय?’ कळत नसेल तर वजनाचा उपयोग नाही हो, त्यांना हलवावंच लागतं. म्हणून तर फोनवर दुभाषी आणायला सांगितलं होतं.”

दुभाषी म्हणून मास्तर सुटाबुटात आले होते. त्यांनी घसा खाकरून भारदस्त आयरिशमध्ये प्रश्न विचारला. सासूबाईंनी अदबीने उत्तर दिलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

“म्हणतात, घर फार छान आहे, देव या घराचं भलं करो.”

“म्हणजे कुणाचं घर?” बाईंनी विचारलं.

“ते नाही सांगितलं.”

बाईंचं पेन त्या रकान्यावर थांबलं. मास्तरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. नोरीन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला काय करावं सुचेना. खोलीत कुणी रडू लागलं की आमच्यातल्या पुरुषाला एकच गोष्ट सुचते. मी किटली ठेवली, कप मांडले आणि सासूबाईंपुढे जाऊन विचारलं, चहा घ्याल का? दुसऱ्या नकोचं वाक्य मी जिभेवर तयार ठेवलं होतं, तिसऱ्यासाठी देवही तयार होता.

सासूबाईंनी माझ्या हातातला कप सरळ काढून घेतला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि माझ्याकडे पाहून फाडफाड बोलायला लागल्या. मी उभाच राहिलो. पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“काय झालं? काय म्हणतात?” अट्रॅक्टाबाईंनी विचारलं.

मास्तर मोठ्याने हसायला लागले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं. “म्हणतात, चहा पाणचट केलायस. आणि आधी मला काय देतोस? अक्कल आहे का तुला? त्या बाई पाहुण्या आहेत, आधी त्यांना विचार!”

नोरीन वळली. डोळे पुसायचं विसरून ती आईकडे बघत राहिली.

“पहिल्याच वेळी घेतला त्यांनी कप?” अट्रॅक्टाबाईंनी हळू आवाजात मला विचारलं.

“पहिल्याच वेळी,” मी म्हणालो. “पाहुणं माणूस असं घेत नाही.”

बाईंनी त्या रकान्यात ठळक खूण केली, कागद पिशवीत घातला आणि चहाला दोनदा नको म्हणाल्या. सासूबाईंनी कप त्यांच्यापुढे सरकवून तिसऱ्यांदा विचारलं.